जुन्या गाडीला एलईडी इंडिकेटर लावले की ते ब्लिंक का होत नाहीत

वडिलांची 1999 ची स्प्लेंडर आहे आमच्याकडे, अजून रोज चालते. गाडीला 15 वर्षं झाली की रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं आणि मग दर 5 वर्षांनी, तर 2024 ला रिपासिंगला न्यायच्या आधी म्हणलं जरा नीट करून घेऊ, कारण इंडिकेटरच्या पिवळ्या काचा फुटलेल्या, मागचा डावा तर मान टाकून नुसता वायरीवर लोंबत होता. दुकानातून चार एलईडी इंडिकेटर आणले, छोटे, काळे, दिसायला एकदम मस्त. दुपारभर बसून लावले. चावी फिरवली, डावं बटण दाबलं, पुढचा-मागचा दोन्ही लागले, आणि लागूनच राहिले. ब्लिंक होईनात.

त्याच महिन्यात मित्राने त्याच्या गाडीला असेच लावले, तर त्याचं वेगळंच. डावं बटण दाबलं की चारही एकदम उघडझाप करायला लागले, उजवं दाबलं तरी चारही. शेजारच्या एकाचे तर इतके चटाचट ब्लिंक व्हायचे की मागून बघणाऱ्याला वाटावं शॉर्टसर्किट झालंय. तिघांनाही दुकानात एकच उत्तर मिळालं, "पीस खराब असेल, बदलून घ्या." पीस एकाचाही खराब नव्हता. तिघांच्या गाडीत तीन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या आणि त्या समजून घेतल्या तर हे काम घरी बसून कुणालाही जमतं, म्हणून हे सगळं नीट मांडून लिहितोय.

## ब्लिंक करणारा दुसराच असतो

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. इंडिकेटर स्वतः ब्लिंक होत नाही. त्याच्यात नुसता एक बल्ब असतो, घरातल्या बल्बसारखाच, करंट दिला की लागतो आणि काढला की विझतो. हे देणं-काढणं करणारी एक वेगळी डबी गाडीत असते, सीटखाली, बाजूच्या कव्हरच्या आत नाहीतर हेडलाइटच्या मागे कुठेतरी, तिला फ्लॅशर म्हणतात. बटण दाबल्यावर टिक-टिक आवाज येतो तो त्या डबीतून.

करंटचा रस्ता असा असतो: बॅटरीतून चावीच्या स्विचला, तिथून फ्लॅशरला, फ्लॅशरमधून हँडलवरच्या बटणाला, बटण डावीकडे असेल तर डाव्या दोन बल्बना, उजवीकडे असेल तर उजव्या दोघांना, आणि बल्बमधून अर्थच्या वायरीने किंवा गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीला. हे परत येणं फार महत्त्वाचं आहे, त्याच्यावर पुढे बोलतो. एवढ्या रस्त्यात फ्लॅशर एकच असतो, दोन्ही बाजूंना मिळून. म्हणूनच चारही इंडिकेटर हे चार सुटे दिवे नाहीत, एकच साखळी आहे, आणि आपण साखळीतल्या चार कड्या बदलतो तेव्हा पाचवीला ते कळतं.

## जुना फ्लॅशर म्हणजे कुकरची शिट्टी

जुन्या प्रकारच्या फ्लॅशरमध्ये, पत्र्याची गोल डबी असते ना त्यात, इलेक्ट्रॉनिक असं काहीच नसतं. आत धातूची एक पट्टी असते. बल्बला जाणारा करंट त्या पट्टीतूनच जातो, त्याने पट्टी तापते, तापली की वाकते आणि कनेक्शन तुटतं, बल्ब विझतो. विझला की करंट बंद, पट्टी गार होते, सरळ होते, कनेक्शन परत जुळतं, बल्ब लागतो. झालं ब्लिंकिंग.

कुकर आठवा. आच लागली की वाफ कोंडते, शिट्टी वर उचलली जाते, वाफ निघून जाते, शिट्टी खाली बसते, परत वाफ कोंडते. आता गॅस एकदम बारीक केला तर? कुकर गरम राहील पण शिट्टी होणारच नाही. एलईडी लावल्यावर माझ्या गाडीत नेमकं हेच झालं.

आकडे सोपे आहेत. स्प्लेंडरला कंपनीचा इंडिकेटर बल्ब 12 व्होल्ट 10 वॅटचा. एका बाजूला दोन, म्हणजे 20 वॅट. 20 भागिले 12, साधारण 1.7 अँपिअर करंट त्या पट्टीतून जायचा आणि तेवढ्यावर तापेल अशीच ती बनवलेली. एलईडी इंडिकेटर असतो एक-दोन वॅटचा. दोन्ही मिळून समजा 3 वॅट धरले तरी पाव अँपिअर. एवढ्या बारीक आचेवर पट्टी वाकण्याइतकी तापतच नाही, मग कनेक्शन कशाला तुटेल, दिवा लागलेला तो लागलेलाच.

जुनी गाडी चालवणाऱ्यांनी ह्याचीच दुसरी बाजू रोज बघितलेली असते. बॅटरी उतरलेली असली की सिग्नलला उभं असताना इंडिकेटर मंद लागून तसाच राहतो, रेस केलं की टकटक चालू होतो. आपण नकळत थांबल्या थांबल्या हलकं रेस देत बसतो, तेव्हा आपण त्या पट्टीखालची आचच वाढवत असतो.

## मग शेजाऱ्याचे चटाचट का

त्याच्या गाडीत फ्लॅशर दुसऱ्या प्रकारचा होता, प्लॅस्टिकचा चौकोनी, आत छोटा इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला. ह्यातले बरेच फ्लॅशर करंट मोजत असतात. दोन बल्बचा मिळून जेवढा करंट जायला पाहिजे तेवढा जात नसेल तर फ्लॅशरचा समज होतो की एक बल्ब उडाला, आणि चालवणाऱ्याला ते कळावं म्हणून तो मुद्दाम जोरात ब्लिंक करतो. चारचाकीत एक इंडिकेटर बल्ब गेला की टिकटिक जलद होते, तीच ही सोय. एलईडीचा करंट एवढा कमी की फ्लॅशरला वाटतं एकच नाही, दोन्ही बल्ब गेले.

दोन्ही दिवे शाबूत असूनही तो ओरडतोय, कारण त्याला फक्त भार कळतो, उजेड कळत नाही. (भार म्हणजे दिवा जेवढा करंट ओढतो तेवढा. हा शब्द पुढे परत येईल.)

अर्धवट बदललं, म्हणजे फक्त मागचे एलईडी आणि पुढचे साधेच ठेवले, तरी हाच प्रकार होतो कारण भार निम्म्यावर आलेला असतो. बरेच जण "आधी मागचे लावून बघतो" म्हणतात आणि गोंधळात पडतात.

## उपाय: फ्लॅशर बदला

बाजारात एलईडीसाठीचा फ्लॅशर मिळतो. ह्याच्यात ब्लिंकचा वेग आतलं सर्किट ठरवतं, बाहेर भार किती आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 10 वॅटचे बल्ब लावा, एलईडी लावा, दोन्ही मिसळून लावा, ठोका तोच. शे-दोनशे रुपयांचा पार्ट आहे. इंडिकेटर घेता त्याच दिवशी हाही घ्या, खरं तर आधी हाच घ्या.

पण एक भानगड आहे. जुन्या फ्लॅशरला बऱ्याचदा दोनच पिना असतात. एकीवर बी लिहिलेलं असतं म्हणजे बॅटरीकडून येणारी, दुसरीवर एल म्हणजे लोड, दिव्यांकडे जाणारी. एलईडीच्या फ्लॅशरला बहुतेक वेळा तिसरी असते, ई, म्हणजे अर्थ. कारण असं की आतल्या सर्किटला स्वतः चालायला थोडा करंट लागतो आणि दिवा विझलेला असताना तो कुठून घेणार, म्हणून त्याला स्वतःचा वेगळा अर्थ देतात. गाडीच्या कपलरमध्ये (फ्लॅशरच्या पिना ज्या प्लॅस्टिकच्या खोबणीत बसतात ती) दोनच वायरी असतील तर ई पिनेवरून एक छोटी वायर काढून चेसीसच्या एखाद्या घासून चकचकीत केलेल्या बोल्टला किंवा सरळ बॅटरीच्या मायनसला द्या. आणि पिनांची जागा प्रत्येक मेकमध्ये वेगळी असू शकते, आकार सेम दिसला म्हणून जुना काढला आणि नवा खुपसला असं करू नका, अक्षरं वाचा. बी-एल उलटे लागले तर काही फ्लॅशर लागेनासे होतात, पण एल आणि ई ची अदलाबदल झाली तर फ्लॅशर कायमचा जाऊ शकतो.

## "मेकॅनिक म्हणतो रेझिस्टर लावून भागेल"

भागतं, हे खरं आहे. रेझिस्टर म्हणजे करंट खाऊन त्याची नुसती उष्णता करणारा तुकडा. एलईडीच्या जोडीला तो लावला की फ्लॅशरला जुन्याएवढा भार दिसतो आणि तो शांत होतो. तराजूत माल कमी म्हणून सोबत दगड ठेवला, असला प्रकार.

मला हा उपाय आवडत नाही आणि त्याचं कारण सांगतो. 10 वॅटच्या बल्बची जागा घ्यायची तर त्या रेझिस्टरने 10 वॅट जाळलेच पाहिजेत, म्हणजे बॅटरीवरचा ताण होता तेवढाच राहिला. आणि ते 10 वॅट बल्बमध्ये काचेच्या आड होते, आता सीटखाली वायरिंगच्या गुच्छात आहेत. इंडिकेटर बंद करायचा विसरलात आणि पाच-दहा मिनिटं तसाच गेलात तर त्याला बोट लावता येत नाही इतका तापतो. मी एका गाडीत त्याच्या शेजारची वायर बघितलीय, वरचं प्लॅस्टिक वितळून आतली तार उघडी पडलेली. लावायचाच असेल तर लोखंडाला स्क्रूने घट्ट कसा, प्लॅस्टिक कव्हर आणि वायरींपासून लांब. पण फ्लॅशर बदलणं ह्यापेक्षा स्वस्तही आहे आणि सोपंही.

## चारही एकदम लागतात त्याचं काय

मित्राचा प्रॉब्लेम फ्लॅशर बदलूनही गेला नाही. कारण तो मीटरमध्ये होता.

तुमच्या मीटरवर इंडिकेटरचे डावा-उजवा असे दोन बाण आहेत की दोन्हीला मिळून एकच दिवा आहे ते बघा. दोन असतील तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. एकच असेल तर तो बहुतेक असा जोडलेला असतो: त्याची एक वायर डाव्या लाइनला, दुसरी उजव्या लाइनला. त्याला स्वतःचा अर्थ नाहीच. डावं बटण दाबलं की करंट डाव्या लाइनवरून मीटरच्या छोट्या बल्बमध्ये येतो, तो बल्ब लागतो, आणि करंट पलीकडे उजव्या लाइनवर उतरून उजव्या दोन इंडिकेटर बल्बमधून अर्थला निघून जातो.

मग उजवे का लागत नव्हते इतकी वर्षं? कारण मीटरच्या बारक्या बल्बमधून जो थेंबभर करंट पलीकडे जातो त्याने 10 वॅटची तार लाल व्हायलाही पुरत नाही. गार असताना ती तार जवळपास साध्या वायरीसारखी असते, तापलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका अडथळा करते, तर करंट तिच्यातून गुपचूप निघून जातो. आता तिथे एलईडी बसवला. बारीक धारेने मोट भरत नाही, पण तांब्या भरतो की! तेवढ्याशा करंटवर एलईडी झकास लागतो. म्हणून चारही.

ह्याला उपाय डायोड. डायोड म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा. विहिरीवरच्या मोटरीला खाली फूट व्हॉल्व्ह असतो, पाणी वर येतं पण मोटर बंद केली तरी परत खाली जात नाही, अगदी तसाच. 1एन4007 नावाचा डायोड मागा, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर तुमच्या गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला असेल त्याच्याकडे, अगदी किरकोळ पैशांत मिळतो. काळी छोटी नळी, एका टोकाला चंदेरी पट्टा. असे दोन घ्या. एक डाव्या लाइनवरून, एक उजव्या लाइनवरून, दोघांचे पट्टेवाले टोक एकत्र जोडून ते मीटरच्या दिव्याच्या एका वायरीला, आणि दिव्याची दुसरी वायर आता सरळ अर्थला. करंट दोन्हीकडून दिव्यापर्यंत येऊ शकतो, पण एका बाजूचा पलीकडच्या बाजूला उतरू शकत नाही. काही दुकानांत हेच तयार जोडून, वर नळी चढवून मिळतं. मित्राच्या गाडीचं हे काम आम्ही दोघांनी त्याच्या ओट्यावर अर्ध्या तासात केलं, त्यातली वीस मिनिटं हेडलाइट उघडून मीटरची नेमकी वायर शोधण्यात गेली.

## वायरींचे रंग, आणि काळ्या वायरीचा घोटाळा

हिरो होंडाच्या जुन्या गाड्यांना, सीडी 100 असो की स्प्लेंडर, होंडाचेच रंग आहेत: डावी बाजू नारिंगी, उजवी आकाशी, फ्लॅशरमधून बटणाकडे जाणारी राखाडी, अर्थ हिरवी. आणि काळी वायर म्हणजे चावी चालू केल्यावर येणारा प्लस.

यामाहाचं, म्हणजे आरएक्स 100 वगैरेचं, वेगळं: डावी गडद चॉकलेटी, उजवी गडद हिरवी, चावीनंतरचा प्लस चॉकलेटी, फ्लॅशरकडून बटणाकडे जाणारी चॉकलेटीवर पांढरी रेघ, आणि काळी म्हणजे अर्थ.

बघा काय झालं. एका गाडीत काळी प्लस, दुसरीत काळी मायनस. एकीत हिरवी अर्थ, दुसरीत गडद हिरवी उजवा इंडिकेटर. आणि बाजारातल्या एलईडी इंडिकेटरला येणाऱ्या दोन वायरींपैकी काळी बहुतेक वेळा मायनस. स्प्लेंडरवाल्याने काळीला काळी जोडली की संपलं. साध्या बल्बला प्लस-मायनस कसंही चालायचं, एलईडीला उलटं लावलं की तो लागत नाही. म्हणून रंगावर विश्वास ठेवण्याआधी टेस्ट करा, आणि 25-30 वर्षांच्या गाडीत तर मधे कुणीकुणी कुठली वायर घातली असेल सांगता येत नाही, आमच्या गाडीत डाव्या बाजूची नारिंगी वायर सीटखाली गेल्यावर लाल होऊन बाहेर येते. एक 12 व्होल्टचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी जोडल्या की टेस्ट लॅम्प तयार, मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं यंत्र) असेल तर उत्तमच.

राजदूत 175, जुनी जावा असल्या गाड्या 6 व्होल्टच्या, त्यांना वरचं सगळं लावायच्या आधी बॅटरीवर व्होल्ट वाचा. 12 व्होल्टचा एलईडी तिथे नीट लागणार नाही, 6 व्होल्टचाच शोधावा लागतो.

## आधी अर्थ बघा, मग खर्च करा

हा भाग मी सगळ्यात आधी लिहायला हवा होता कदाचित, कारण इंडिकेटर बदलायला निघालेल्या निम्म्या लोकांना बदलायची गरजच नसते असं माझं मत झालंय.

गावाकडच्या मुक्कामी एसटीचा विचार करा. रात्री गाडी गावात आलीच नाही तर सकाळची फेरी सुटणार कशी. करंटचंही तसंच, परत जायचा रस्ता अडला की यायचाही थांबतो. जुन्या इंडिकेटरमध्ये हा परतीचा रस्ता कधी वायरीने असतो, कधी इंडिकेटरच्या लोखंडी दांडीतून सरळ चेसीसमध्ये. दांडी गंजली, किंवा हौसेने चेसीसला पावडर कोटिंग केलं आणि नटाखाली रंगाचा थर आला, की रस्ता बंद. रिस्टोर केलेल्या चकाचक गाडीचे इंडिकेटर लागत नाहीत त्याचं कारण पुष्कळदा हा रंगच असतो.

आमच्या गाडीचे जुने इंडिकेटर फेकायच्या आधी मी एक उघडून बघितला. बल्ब काढला तर होल्डरच्या तळाशी जी पितळेची टिकली असते तिच्यावर हिरवट पांढरं पीठ जमलेलं, ओल्या मिठासारखं. आतली स्प्रिंग गंजून दबलेली, बल्बला वर ढकलायची ताकदच नाही राहिली तिच्यात. बारीक पॉलिश पेपर पेन्सिलीच्या मागच्या टोकाला गुंडाळून ती टिकली घासली, होल्डरची आतली बाजू घासली, स्प्रिंग थोडी ओढून मोठी केली, थोडं पेट्रोलियम जेली लावलं. बल्ब घातला आणि टेस्ट केलं तर नव्यासारखा पिवळाधमक उजेड. 25 वर्षांचा होल्डर! कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाडीत हे दर पावसाळ्यानंतर करायचं काम आहे, खारी हवा पितळ सोडत नाही.

हीच गोष्ट बॅटरीची. बंद गाडीवर बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे. जुन्या किक स्टार्ट गाड्यांत हेडलाइट सरळ इंजिनच्या करंटवर चालतो पण इंडिकेटर, हॉर्न, ब्रेकलाइट बॅटरीवर, आणि स्प्लेंडरची बॅटरी जेमतेम 2.5 अँपिअर-तासाची. बॅटरी मेली तरी किक मारून गाडी चालते म्हणून बरेच जण तशीच वर्षभर फिरवतात. त्या अवस्थेत एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावू नका. बॅटरी नुसता करंट साठवत नाही, रेस केल्यावर व्होल्टेज उसळतं ते दाबून धरायचं कामही तीच करते. ती नसेल तर ती उसळी थेट नव्या पार्टवर जाते.

## "एलईडी जास्त ब्राइट असतो, मग लावलेला काय वाईट"

करंट वाचतो ही गोष्ट शंभर टक्के खरी, आणि 2.5 अँपिअर-तासाच्या बॅटरीला तो दिलासा मोठा आहे. आणि एलईडी तारेसारखा तापून लागत नाही, झटकन लागतो, झटकन विझतो, तो ठोका डोळ्याला पटकन जाणवतो.

पण ब्राइट कुठून? दुकानात हातात धरून समोरून बघितला तर डोळे दिपतात. आता तोच एक हात बाजूला धरा आणि तिरका बघा. स्वस्तातल्या बारीक पट्टीवाल्या इंडिकेटरमधला उजेड नाकासमोर सरळ जातो, बाजूला काहीच पडत नाही. मागून येणारा कायम तुमच्या सरळ रेषेत असतो का? ट्रकवाला वरून बघतो, रिक्षावाला डाव्या बाजूने येतो, आणि गाडी स्टँडवर जरा तिरकी असल्यासारखी दांडीच वाकडी बसली तर इंडिकेटर रस्त्याकडे नाहीतर आभाळाकडे बघत राहतो. जुन्या मोठ्या बोंगळ दिसणाऱ्या इंडिकेटरच्या आत रिफ्लेक्टर आणि वर रेघा-रेघांची काच असते ती ह्याचसाठी, उजेड सगळीकडे पसरवायला. आणि तो लांब दांडीवर बाहेर काढलेला असतो ते टेललाइटच्या लाल उजेडात हरवू नये म्हणून. नंबरप्लेटला चिकटवलेला इंडिकेटर ब्रेक दाबला की दिसेनासा होतो.

मी शेवटी काय केलं तर ते छोटे काळे इंडिकेटर काढले. कंपनीच्या पद्धतीचे मोठे इंडिकेटर अजून मिळतात, ते बसवले आणि त्यांच्या होल्डरमध्ये पिवळ्या रंगाचे एलईडी बल्ब घातले, सोबत एलईडीचा फ्लॅशर. बल्ब घेताना एवढं बघा की त्याचे एलईडी नुसते टोकाला नकोत, चारही बाजूंनी पाहिजेत, नाहीतर रिफ्लेक्टरवर उजेड पडतच नाही आणि मधेच एक ठिपका दिसतो. पिवळ्या काचेमागे पांढरा बल्ब घातला तर रंग फिका येतो, आणि काच पांढरी असेल तर बल्ब पिवळाच हवा.

## "पोलीस पकडतील का, पासिंग होईल का"

इंडिकेटर अंबर, म्हणजे आपल्या भाषेत गडद पिवळा-नारिंगी पाहिजे, आणि मिनिटाला 60 ते 120 वेळा ब्लिंक झाला पाहिजे. घड्याळ लावून 15 सेकंद मोजा, 15 ते 30 च्या मधे आलं तर बरोबर. शेजाऱ्याचे मोजले तर 15 सेकंदात 45 च्या पुढे गेले होते. निळे, पांढरे, चारही बाजूंना रंग बदलणारे जे मिळतात ते कितीही आवडले तरी ह्यात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाने बदल करण्याबद्दल आहे, आणि पासिंगला तपासणी करणारा माणूस चारही इंडिकेटर लावून बघतो. कंपनीच्या जागी, कंपनीच्या आकाराचा आणि योग्य रंगाचा दिवा असेल तर बोलायला जागा राहत नाही. आमची गाडी पहिल्या फेरीत पास झाली.

## "हात दाखवतो की, इंडिकेटर कशाला पाहिजे"

वडील हेच म्हणायचे. 35 वर्षं हात दाखवून वळले आणि त्यांचं खरंही आहे, दिवसा हात स्पष्ट दिसतो, कधीकधी इंडिकेटरपेक्षा जास्त. पण रात्री काळा रेनकोट घातलेला हात कुणालाच दिसत नाही. आणि उजवा हात दाखवायचा म्हणजे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही सोडून एका हातावर गाडी, नेमकं वळताना, ओल्या रस्त्यावर. मला हा मुद्दा त्यांच्याशी वाद न घालता पटवायचा होता, म्हणून काम झाल्यावर एका पावसाळी संध्याकाळी त्यांनाच रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि मी गाडी पन्नास-साठ पावलं पुढे नेऊन आधी रेनकोटातला हात दाखवला, मग इंडिकेटर लावला. परत आलो तर म्हणाले, "हात कधी दाखवलास?"

## प्रत्यक्ष लावताना

बॅटरीचा मायनस आधी काढा. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी बघायला शिल्लक राहते, आणि उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो. मेन वायरिंग कापू नका, जुन्या इंडिकेटरची वायर जिथे गोळीच्या कनेक्टरने (टोकाची गोळीसारखी पिन नळीत दाबून बसते तो) जोडलेली असते तिथूनच सोडा आणि नव्याला तसाच कनेक्टर दाबून बसवा. नुसती पिळून टेप मारलेली वायर पहिल्या पावसाळ्यात आतून काळी पडते, मग परत मंद उजेड, परत दुकान. पुढच्या इंडिकेटरच्या वायरीला थोडा झोल ठेवा, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा की कुठे ओढली जात नाही ना. दांडीचं रबर जुनं कडक झालं असेल तर तेही बदला, आमचा मागचा डावा लोंबत होता तो रबर तडकल्यामुळेच. फ्यूज उडाला तर जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला, सिगरेटच्या पाकिटातली चांदी लावून चालवलेल्या गाड्यांची जळलेली वायरिंग मी बघितलीय.

सगळं झाल्यावर भर दुपारी, उन्हात, कुणाला तरी बटण दाबायला बसवा आणि तुम्ही मागे वीस-पंचवीस पावलं जाऊन आधी सरळ बघा, मग डावीकडून, मग उजवीकडून, मग एखाद्या पायरीवर चढून वरून. ब्रेक दाबलेला असताना परत एकदा. दुपारच्या उन्हात, ब्रेकलाइट लागलेला असताना, तिरक्या बाजूने दिसला तर काम झालं. जुना फ्लॅशर आणि जुने चांगले बल्ब एका पिशवीत घालून सीटखाली ठेवून द्या, लांबच्या रस्त्यावर नवा फ्लॅशर गेला तर त्या रात्रीपुरते ते बल्ब आणि ती पत्र्याची डबी लावली की इंडिकेटर परत चालू.